क्लच दाबला की आवाज येतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी घरीच हे बघून घ्या

गॅरेजमध्ये जाऊन "क्लचमधून आवाज येतोय" एवढंच बोललात की समोरचा माणूस दोनपैकी एक काहीतरी करतो. एक तर पेडल दोनदा दाबून "काही नाही हो, चालतंय" म्हणतो, नाहीतर थेट अख्ख्या क्लच सेटचं एस्टिमेट लिहायला घेतो. त्याचाही सगळा दोष नाही म्हणा, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग हा सगळा संसार इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बेल हाऊसिंगमध्ये बंद असतो, डोळ्यांनी बघायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो आणि त्यात मेकॅनिकचे तीन-चार तास तरी जातात. पण आवाज त्या बंद डब्यातून येतोय की तुमच्याच पायाजवळून डॅशबोर्डखालून, हे काहीही न उघडता वीस मिनिटांत कळतं. आणि हे कळलं की अर्धं काम झालं, कारण डॅशबोर्डखालचं दुखणं बऱ्याचदा बोटभर ग्रीसवर भागतं आणि डब्यातलं कधीच भागत नाही.

यात आवाज कसा येतो याच्यापेक्षा कधी येतो ते महत्त्वाचं. कुईं, चिर्र, घर्र, टक् हे प्रत्येकाच्या कानाला वेगळं ऐकू येतं, माझ्या बायकोला जो आवाज पक्ष्यासारखा वाटायचा तो मला दाराच्या बिजागरीसारखा वाटायचा. पण पेडल कुठं असताना आवाज आला, इंजिन चालू होतं की बंद, गिअर पडलेला होता की न्यूट्रल होता, यात दोघांचं दुमत व्हायचं कारण नाही.

आधी आत काय काय फिरतं ते थोडक्यात

न्यूट्रलमध्ये गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे आणि क्लचवर पाय नाही, तेव्हा क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, चिकटलेली असते, म्हणजे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट, गिअरबॉक्समध्ये जोर नेणारा दांडा, इंजिनाबरोबर फिरत असतो. त्या शाफ्टचं बेअरिंग तेव्हा कामावर असतं. तुम्ही क्लच दाबला की फोर्क नावाचा दांडा रिलीज बेअरिंगला पुढं ढकलतो, ते प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅमच्या, म्हणजे चपट्या गोल स्प्रिंगच्या, बोटांवर जाऊन दाबतं, प्लेट सुटते आणि इनपुट शाफ्ट हळूहळू थांबतो. म्हणजे पाय वर असताना इनपुट शाफ्टच्या बेअरिंगची ड्युटी आणि पाय खाली असताना रिलीज बेअरिंगची ड्युटी, अशी पाळी वाटलेली आहे. सगळं निदान या एका पाळीवर चालतं, एवढं डोक्यात ठेवा.

पायापासून तिथपर्यंत जोर पोचवायचे दोन मार्ग आहेत. मारुती 800, अल्टो अशा गाड्यांना केबल, आणि बऱ्याच मोठ्या किंवा नव्या गाड्यांना हायड्रॉलिक, म्हणजे पेडलला मास्टर सिलेंडर आणि गिअरबॉक्सजवळ स्लेव्ह सिलेंडर, मधे ब्रेक ऑईल. तुमच्या गाडीला यातलं काय आहे ते आधी बघा, बॉनेट उघडून क्लचच्या बाजूनं फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून, जाड काळी केबल बाहेर आलीय की तेलाची नळी, एवढं दिसलं तरी पुरे.

तपासणीची तयारी

सपाट जागा घ्या, हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकांना पुढून मागून दगड लावा. शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करत बसू नका, धूर साठतो. एसी बंद, ब्लोअर बंद, गाणी बंद. एसी मुद्दाम सांगतोय कारण एसी कॉम्प्रेसरचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग, नाहीतर ढिला पट्टा, हे सगळे क्लचच्या नावावर बिल फाडणारे लोक आहेत.

मग पहिलं काम हसू येईल असं आहे. पायाखालची मॅट काढून मागच्या सीटवर टाका. ती जाड कडेची थ्रीडी मॅट पेडलच्या मागं अडकून घासते आणि रबराचा असा काही किरकिर आवाज देते की माणूस क्लच प्लेटपर्यंत पोचतो. शिवाय मॅट खाली अडकली की पेडल पूर्ण जात नाही, क्लच अर्धवट सुटतो आणि गिअर टाकताना खर्र होतं, ते वेगळंच. मॅटखाली पाण्याच्या बाटलीचं झाकण, सुट्टी नाणी, पोरांचं काहीतरी खेळणं, हे सगळं माझ्याच गाडीत निघालंय.

इंजिन बंद ठेवून

मॅट काढल्यावर इंजिन बंद असतानाच पेडल सावकाश खालपर्यंत दाबा, सावकाश सोडा, दहा-बारा वेळा. आवाज आला तर खूश व्हा, कारण इंजिन बंद म्हणजे बेअरिंग फिरतच नाहीये, म्हणजे गोल फिरणाऱ्या कुठल्याही भागाचा हा आवाज नाही. राहिलं काय तर पेडलचा बुश, रिटर्न स्प्रिंग, केबल, मास्टर सिलेंडरचा रॉड आणि फार तर तो फोर्क ज्यावर डुलतो तो पिव्हट.

आता मदतीला कुणाला तरी बोलवा. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, आधी पायाजवळ डोकं घालून, मग बॉनेट उघडून फायरवॉलपाशी, मग गिअरबॉक्सच्या बाजूला. एकटे असाल तर मोबाईलचा रेकॉर्डर लावा, एकदा पायाजवळ ठेवा, एकदा बॉनेटखाली बॅटरीवर ठेवा, नंतर दोन्ही ऐका, जिथं आवाज मोठा तिथं तो. पेडल पायाऐवजी हातानं दाबून बघा, बोटांना जी खरखर कळते ती बुटातून कळत नाही. आणि दाबताना पेडल थोडं डावी-उजवीकडे हलवा, बाजूला लोटल्यावर आवाज बदलला तर बुशवरचा संशय पक्का.

बुश म्हणजे पेडल ज्या पिनवर झुलतं तिथला प्लास्टिकचा किंवा नायलॉनचा छोटा गोल तुकडा. कोरडा पडला की कुईं करतो, झिजला की कुईं अधिक डगडग. तिथंच एक स्प्रिंग असते, काही गाड्यांत पेडल हलकं वाटावं म्हणून लावलेली असते, ती अर्ध्या वाटेत पलटी खाते तेव्हा टण् किंवा टक् असा एकच आवाज येतो, तिच्या टोकाला ग्रीस लागलं की गप्प बसते. याशिवाय पेडलच्या वर एक किंवा दोन क्लच स्विच असतात, त्यांचा बारीक टिक् आवाज हा नॉर्मल आहे, त्याच्यामागं लागू नका.

बुशला ग्रीस मारायचं तर सीट पूर्ण मागं घ्या, टॉर्च तोंडात धरा आणि पाठीवर झोपून डोकं स्टीअरिंगखाली घाला. चाळिशी ओलांडली असेल तर दुसऱ्या दिवशी मान धरेल, आधीच सांगतो. तिथं पिवळ्या कव्हरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नका, ओढू तर अजिबातच नका. प्लास्टिक आणि रबराच्या जागी सिलिकॉन ग्रीस, लोखंडाला लोखंड घासतं तिथं पांढरं लिथियम ग्रीस. थोडंच, काडीनं लावायचं, नाहीतर उन्हाळ्यात वितळून पँटवर पडतं. मास्टर सिलेंडरच्या रबराजवळ इंजिन ऑईल किंवा साधं ग्रीस जाऊ देऊ नका, ब्रेक ऑईलसाठी बनलेली ती रबरं खनिज तेलानं फुगतात आणि मग खरंच खर्च निघतो.

आता माझी चूक सांगतो, कारण हीच चूक निम्मे लोक करत असतील. माझी केबलवाली जुनी हॅचबॅक, पेडल दाबलं की वरून किर्र आवाज. मी गंज सोडवायचा स्प्रे आणला आणि डॅशबोर्डखाली फवारला, आवाज गायब, मी खूश. चार-पाच दिवसांनी परत. परत फवारला. असं जवळजवळ दोन महिने चाललं, मधल्या काळात पेडल थोडं जड झालं आणि दाबताना तळपायाला बारीक खरखर लागायला लागली, तेही मी म्हटलं जुनी गाडी आहे, चालायचंच. मग एका रविवारी साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीच्या अलीकडं पेडल एकदम खाली जाऊन पडलं, वर येईना. केबल तुटली होती. नंतर बघितलं तर पेडलच्या टोकाशी केबलच्या तारा एकेक करून कधीच्या तुटत आल्या होत्या, दोन-तीन तारांवर माझा संसार चालला होता, आणि तो किर्र आवाज म्हणजे तुटलेल्या तारांची टोकं कव्हरमध्ये घासत होती. तो स्प्रे चुकीचा नव्हता, मी चुकीचा होतो. असले स्प्रे पातळ असतात, गंज सोडवतात, पाणी हटवतात आणि उडून जातात, ग्रीसचं काम ते करत नाहीत. स्प्रे मारून आवाज गेला याचा अर्थ एवढाच की जागा सापडली, रोग बरा झाला नाही.

म्हणून केबलवाल्या गाडीत दोन्ही टोकं टॉर्च मारून बघाच, पेडलचं आणि गिअरबॉक्सजवळचं. एक जरी तार फुललेली दिसली तर केबल बदला, अख्ख्या क्लचमधली ती सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. आजकालच्या बहुतेक केबलांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, तिच्यात तेल ओतायचा जुना उपाय करू नका, तेलाला धूळ चिकटून आणखी जड होते. केबल बदलल्यावर पेडलचा प्ले सेट करून घ्या, म्हणजे पेडल हातानं दाबल्यावर जोर लागायच्या आधीचा जो मोकळा प्रवास असतो तो. किती ठेवायचा ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. प्ले अजिबातच नसला तर रिलीज बेअरिंग कायम डायफ्रॅमला टेकून फिरत राहतं आणि मुदतीआधी जातं, जास्त झाला तर क्लच पूर्ण सुटत नाही.

हायड्रॉलिकवाल्यांनी यावेळी मास्टर सिलेंडरच्या रॉडपाशी, म्हणजे पेडलच्या वर जिथं रॉड फायरवॉलमध्ये शिरतो तिथं बोट फिरवून बघा. बोट ओलं, तेलकट लागलं, किंवा पेडल दाबताना चिकट फसफस असा आवाज आला तर मास्टरचं सील गेलंय. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकच्या तेलाची बाटली एकच असते, त्यामुळं तेल कमी झालं असेल तर नुसतं टॉपअप करून विसरू नका, ते गेलं कुठं हे शोधा. आणि हे तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उचलतं.

फोर्कच्या पिव्हटचा आवाज मात्र फसवा असतो. इंजिन बंद असताना येतो, म्हणून वाटतं वरचं काहीतरी आहे, पण येतो बेल हाऊसिंगच्या बाजूनं, बाहेर उभ्या माणसाला जास्त ऐकू येतो. दाबताना करकर, सोडताना करकर, जुन्या पलंगासारखी. काही गाड्यांत फोर्कच्या बाहेरच्या रबरी बुटाच्या फटीतून थोडं ग्रीस पोचवता येतं, बहुतेक गाड्यांत नीट पोचत नाही. तो नुसता करकरत असेल तर मी तरी त्याच्यासाठी गिअरबॉक्स उतरवणार नाही, पुढच्या क्लचच्या कामात होऊन जाईल.

इंजिन चालू करून

इंजिन बंद असताना सगळं शांत आणि चालू केल्यावर आवाज, तर पुढं चला. इंजिन थोडं गरम होऊ द्या, आयडलवर, म्हणजे रेस न देता चालतं त्या वेगावर, येऊ द्या, गिअर न्यूट्रल, पाय क्लचवरून पूर्ण काढा. मिनिटभर नुसतं ऐका. मग पाय अलगद टेकवा, म्हणजे अगदी पहिला जोर लागेल एवढाच. मग सावकाश पूर्ण खाली.

पाय वर असताना घर्र किंवा गुरगुर येत होती आणि क्लच पूर्ण दाबल्यावर एक-दोन सेकंदांत ती विरून गेली, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. हे गिअरबॉक्सचं काम आहे, क्लचचं नाही, आणि इथंच सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या जागी जातात, कारण लोक सांगतात "क्लच दाबला की आवाज बंद होतो" आणि ऐकणाऱ्याच्या कानात फक्त क्लच हा शब्द शिरतो. नवा क्लच सेट टाकून आवाज तसाच राहिलेल्या गाड्या मी दोन पाहिल्यात. आधी गिअर ऑईलची पातळी बघायला सांगा, कमी तेलावर चाललेला गिअरबॉक्स असाच बोलतो. आणि थोडी हलकी खडखड, विशेषतः डिझेल गाडीत, न्यूट्रलला आयडलवर असतेच, गिअरचे दात इंजिनाच्या धक्क्यानं एकमेकांवर आपटत असतात, नवी गाडी घेतल्यापासून तेवढीच असेल तर सोडून द्या.

याचाच एक चुलतभाऊ आहे ड्युअल मास फ्लायव्हील, काही डिझेल आणि महागड्या गाड्यांत असतं, दोन तुकड्यांचं, मधे स्प्रिंगा. ते गेलं की आयडलला खडखड आणि क्लच दाबल्यावर कमी, म्हणजे लक्षण जवळजवळ तेच. फरक एवढाच की इंजिन चालू करताना आणि विशेषतः बंद करताना खालून धडाड् किंवा ठक् असा एक दणका येतो. तुमच्या गाडीला असलं फ्लायव्हील आहे का ते आधी माहीत करून घ्या, कारण ते महाग असतं आणि साध्या फ्लायव्हीलसारखं लेथवर मारून परत लावायचं प्रकरण नाही.

आता उलटं. पाय वर असताना शांत, पाय टेकवला की चिर्र सुरू, खाली दाबत जाल तसा वाढला, पूर्ण दाबून धरल्यावर कायम. हे रिलीज बेअरिंग, मेकॅनिक त्याला क्लच बेअरिंग किंवा थ्रस्ट बेअरिंग म्हणेल. पेडल दाबून धरून हलका रेस दिला की आवाजाची पट्टी इंजिनाबरोबर चढते, ही त्याची आणखी एक खूण. सुरुवातीला थंड इंजिनावर सकाळीच येतो, गरम झाल्यावर जातो, मग काही महिन्यांनी दिवसभर.

पण इथं एक गुंता आहे आणि तो लक्षात नाही घेतला तर फसाल. वरचा नियम जुन्या, प्ले ठेवलेल्या केबलच्या क्लचला अगदी चपखल बसतो. हायड्रॉलिक आणि आपोआप ॲडजस्ट होणाऱ्या केबलच्या बऱ्याच गाड्यांत रिलीज बेअरिंग डायफ्रॅमला नेहमीच हलकं टेकलेलं असतं, म्हणजे पाय वर असतानाही ते फिरतच असतं. अशा गाडीत बेअरिंग सुकलं की पाय वर असताना चिवचिव येते आणि पाय नुसता टेकवला, पाव इंच दाबला, की थांबते, कारण जोर आल्यावर त्यातले गोळे नीट बसून फिरतात. मग माणूस गोंधळतो, दाबल्यावर गेला म्हणजे इनपुट शाफ्टचं बेअरिंग का? फरक त्या अलगद टेकवण्यात आहे. नुसतं टेकवल्यावरच आवाज गेला तर रिलीज बेअरिंग, कारण तेवढ्या दाबानं क्लच सुटलेलाच नसतो आणि इनपुट शाफ्ट अजून फिरतोच आहे. क्लच सुटेपर्यंत खाली दाबल्यावरच गेला तर इनपुट शाफ्टचं. मगाशी पाय अलगद टेकवा म्हणून सांगितलं ते याच्यासाठी, ही पायरी गाळू नका.

काही गाड्यांत स्लेव्ह सिलेंडर आणि रिलीज बेअरिंग एकत्रच असतं, बेल हाऊसिंगच्या आत, शाफ्टभोवती. बाहेर फोर्क दिसत नाही. तिथं आवाज आला किंवा तेल गळायला लागलं तरी दोन्ही एकदमच बदलायचं, अर्धं बदलून परत गिअरबॉक्स उतरवायची वेळ आणू नका.

पायलट बेअरिंग हे तिसरं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकाला बसतं, इनपुट शाफ्टचं नाक त्यात असतं, बोलेरो, सुमो अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत बहुधा सापडतं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांत नसतंच. याची गंमत अशी की शाफ्ट आणि इंजिन वेगवेगळ्या वेगानं फिरतात तेव्हाच हे काम करतं. म्हणून चाचणी अशी: क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका, गाडी उभीच, क्लच दाबलेलाच. आता शाफ्ट पूर्ण थांबलाय आणि इंजिन फिरतंय, इथं किंचाळल्यासारखा आवाज वाढला, आणि गिअर काढून न्यूट्रलला क्लच पूर्ण सोडल्यावर पार गेला, तर पायलटवर संशय घ्या. रिलीज बेअरिंगचा आवाज क्लच दाबलेला असताना न्यूट्रल आणि गिअर दोन्हीत सारखाच येतो. ही चाचणी करताना गाडीच्या पुढं आणि मागं कुणीही उभं नको, पाय सटकला तर गाडी उडी मारते. ऐकणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं.

एक दुर्मीळ गोष्ट सांगून पुढं जातो. क्लच दाबला की इंजिनाचा आवाज जड होतो, आरपीएम पडतो, आणि समोरून बघितलं तर क्रँकची पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढं सरकते. हे क्लचचं दुखणं नाही, क्रँकचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या चकत्या, झिजल्यात. लाखात एक नसलं तरी क्वचितच, पण असेल तर गाडी चालवू नका.

चालत्या गाडीत

हलक्या चढावर पहिल्या गिअरमध्ये सावकाश क्लच सोडत गाडी उचला. सोडताना गाडी थडथडली, डॅशबोर्डसकट, तर क्लच प्लेटवर तेल आलंय, किंवा फ्लायव्हील जळून त्यावर निळे-काळे डाग पडलेत, किंवा इंजिन माउंट, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते, गेलेत. माउंट आधी बघा, ते बाहेर असतात आणि स्वस्त असतात. क्लच पूर्ण सुटल्यावर कमी स्पीडला वरच्या गिअरमध्ये रेटताना खडखड आली तर प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील, पण आधी गिअर बदलून बघा, तिसऱ्यात वीसच्या स्पीडला कुठलीही गाडी कुरकुरतेच.

रिव्हर्स टाकताना खर्र होतं म्हणून घाबरणारे खूप आहेत. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर पडायच्या आधी वेग जुळवून घेणारी सोय, नसतो, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, शाफ्ट थांबू द्या, मग टाका. एवढं थांबूनही खर्र होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, केबल ताणलीय, तेलात हवा आहे, नाहीतर मॅट, जी तुम्ही आधीच मागं टाकलेली आहे.

कोकणातल्या लोकांसाठी, किंवा गाडी जूनमध्ये ताडपत्रीखाली ठेवून गणपतीलाच काढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. पावसात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची क्लच प्लेट गंजानं फ्लायव्हीलला चिकटू शकते. पेडल खाली जातं पण गिअर काही केल्या पडत नाही, आणि सुटते तेव्हा ठाप् असा मोठा आवाज येतो. एकदाच आला आणि नंतर सगळं नीट, तर विसरा. गुडघाभर पाण्यातून गाडी काढल्यावर मात्र पुढच्या आठवड्यात चिर्र सुरू झाली तर तशी नोंद ठेवा, बेअरिंगमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं.

किती दिवस चालेल?

बुश, स्प्रिंग, पिव्हट, वर्षभरही चालेल, कानाला त्रास एवढाच. केबलची खरखर, चालवू नका, बदला, माझं काय झालं ते वर आहे. रिलीज बेअरिंग नुसतं चिवचिवत असेल तर महिनोन्महिने ओढणारे लोक आहेत, पण आवाज चिर्रवरून खर्रवर आला, पेडलला कंप यायला लागला, की घाटात आणि लांबच्या प्रवासाला नेऊ नका. फुटलेलं बेअरिंग डायफ्रॅमची बोटं खातं. सिग्नलला नव्वद सेकंद क्लच दाबून उभं राहायची आणि चालवताना पेडलवर पाय ठेवून बसायची सवय असेल तर ती त्याच दिवशी सोडा, दोन्ही वेळेला हेच बेअरिंग पिळलं जातं. इनपुट शाफ्टचं बेअरिंग पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर गिअर पण घेऊन जाईल.

आणि केबल वाटेत तुटलीच तर? मी त्या दिवशी गाडी बंद केली, पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि थेट स्टार्टर मारला, गाडी हिसका देत चालू झाली आणि दुसऱ्या गिअरमध्ये शिरवळपर्यंत रखडत आणली. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टरच लागत नाही अशा गाड्यांत हे जमत नाही. घाटातल्या गर्दीत तर कुणीच करू नये, मोकळा रस्ता असेल तरच आणि जवळच्या गॅरेजपर्यंतच, नाहीतर टो करा.

गॅरेजमध्ये गेल्यावर "आवाज येतोय" म्हणू नका. असं सांगा: "दादा, इंजिन बंद असताना काही नाही, चालू असताना न्यूट्रलला पाय टेकवला की चिर्र येते, पूर्ण दाबल्यावर वाढते, गिअर टाकला न टाकला तरी सारखीच." मोबाईलमधलं रेकॉर्डिंग ऐकवा. चांगला मेकॅनिक लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेल हाऊसिंगला आणि मूठ कानाला लावून स्वतः खात्री करेल, तसं कुणी केलं तर त्या माणसाचा नंबर जपून ठेवा.

गिअरबॉक्स उतरलाच तर फक्त बेअरिंग बदलून पैसे वाचवायला जाऊ नका, प्लेट आणि प्रेशर प्लेटची हालत तिथंच उभं राहून बघा, अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर सेटच टाका, मजुरी दोनदा द्यायची का? क्रँकचं मागचं ऑईल सील गळतंय का, फ्लायव्हीलवर डाग आहेत का, पायलट बेअरिंग असेल तर ते, फोर्कचा पिव्हट, हे सगळं त्याच वेळी. स्प्लाइनवर, म्हणजे इनपुट शाफ्टच्या ज्या खाचांवर क्लच प्लेट सरकते तिथं, ग्रीस लावायचं ते नखभर, जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं आणि थडथड सुरू.

जुने पार्ट मागून घ्या. जुनं रिलीज बेअरिंग हातात धरून थोडं दाबून फिरवा. खरखरलं, अडकलं, ढिलं लागलं तर निदान बरोबर होतं. लोण्यासारखं फिरलं तर बिल द्यायच्या आधी गाडी तिथंच चालू करा, न्यूट्रल, पाय वर, पाय टेकवून, पाय खाली, तीच चाचणी परत.